कलप लावण्याआधी : त्या पुडीत नेमकं असतं काय?



या वेळचा आरोग्य पाठ पुस्तकातून घेतलेला नाही. तो आपल्याच एका ग्रामसंघाच्या बैठकीतून आला आहे. ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्यांनी ती लिहायला परवानगी दिली, पण नाव आणि गाव छापायचं नाही या अटीवर. म्हणून दोघींनाही इथे फक्त 'ताई' म्हणते.

लग्नसराईचे दिवस होते. एक ताई बैठकीला आल्या त्या पदर नाकापर्यंत ओढून. हजेरी घेताना पदर मागे सारला, तर ओळखूच येईनात. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या सुजून मिटलेल्या, कपाळावर आणि कानामागे पाणी भरलेले बारीक फोड, मान लालबुंद. पुतण्याच्या हळदीच्या दोन दिवस आधी गावातल्याच पार्लरमध्ये त्यांनी 'काळी मेंदी' लावून घेतली होती. रात्री डोकं खाजायला लागलं, दुसऱ्या दिवशी चेहरा भरून आला. हळदीच्या फोटोत त्या नाहीतच.

आता दुसरी बाजू ऐका. पार्लर चालवणाऱ्या ताईसुद्धा त्याच गटाच्या सदस्य. गटातून कर्ज काढून त्यांनी खुर्ची, आरसा, सामान घेतलं आहे आणि हप्ता कधी चुकवलेला नाही. सुजलेल्या ताईंच्या घरची माणसं पार्लरवर जाऊन, चार गिऱ्हाइकांसमोर, "दवाखान्याचा खर्च टाक" म्हणून भांडून आली होती. पार्लरवाल्या ताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "चार वर्षं हीच पुडी हिच्या डोक्याला लावतेय मी. आजच कशी बाधली? मी काय त्यात विष कालवलं का?"

गटात लगेच दोन तट पडले. कुणी म्हणे उष्णता झाली, कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे पुडी नकली असणार. मी त्या दिवशी बैठकीला होते म्हणून मला विचारलं. मी पार्लरमधली रिकामी पुडी मागवून घेतली आणि एका ताईंच्या अकरावीतल्या मुलीला मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. पुढच्या बाजूला मेंदीची हिरवी पानं छापलेली. मागे घटकांच्या यादीत मेंदी होती, आवळा होता, माका होता, आणि मध्येच एक लांबलचक नाव होतं. मुलगी अडखळत वाचत गेली, 'पॅरा... फेनिलीन... डायअमाइन'.

भांडणाचं उत्तर त्या एका नावात होतं. दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

मेंदी कधी काळी नसते

मेंदीच्या पानात जे रंगद्रव्य असतं त्याला लॉसोन म्हणतात. त्याचा रंग केशरी ते तांबडा. हाताला लावा, केसांना लावा, रंग तोच येणार. रात्रभर लोखंडी कढईत चहाचं पाणी घालून भिजवली तर थोडी गडद, तपकिरी होते, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. पण कोळशासारखा काळा रंग मेंदीच्या पाल्यातून निघत नाही. शिवाय मेंदीला वेळ लागतो, दोन-तीन तास तरी डोक्यावर ठेवावी लागते. म्हणून एक साधा हिशोब लक्षात ठेवा : जी 'मेंदी' अर्ध्या-पाऊण तासात केस काळेकुळकुळीत करते, ती मेंदी नव्हे, मेंदीच्या वेशातला कलप आहे. नीळ म्हणजे इंडिगोच्या झाडाचा पाला वाळवून केलेली भुकटी मेंदीनंतर वेगळी लावली, तर केस काळपट होतात. पण ते दोन वेळचं काम आहे, आणि त्यालाही तास लागतात.

काळ्या रंगाचं काम करणारं रसायन म्हणजे हे पॅरा-फेनिलीन-डायअमाइन. तोंडात बसत नाही म्हणून सगळे त्याला पीपीडी म्हणतात. आपणही तेच म्हणू. हे गावठी पुडीतच असतं असं नाही. महागड्या खोक्यातल्या क्रीम कलपातही बहुतेक वेळा हेच किंवा याचं चुलत भावंड असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगभर केस काळे करायला ते वापरलं जातंय, कारण याच्याइतका पक्का आणि स्वस्त काळा रंग देणारं दुसरं काही फारसं हाती लागलेलं नाही.

ते काम कसं करतं ते बघा. पीपीडीचे कण फार बारीक असतात आणि सुरुवातीला त्यांना काळा रंगही नसतो. ते केसाच्या आत शिरतात. कलपात मिसळलेलं पेरोक्साइड त्यांना आत गेल्यावर एकमेकांशी जोडतं. जोडून मोठे झाले की ते काळे होतात आणि केसातून बाहेर पडू शकत नाहीत. चाळणीतून पीठ खाली गेलं आणि खाली गेल्यावर त्याचा गोळा झाला, तर तो गोळा वर येईल का? तसंच. म्हणून हा रंग धुतला तरी जात नाही.

केस तर मेलेलेच असतात, केस कापला तर दुखत नाही. त्याला आत काय शिरलं याचं काही वाटत नाही. पण केसाच्या मुळाशी कातडी आहे आणि ती जिवंत आहे. हेच बारीक कण तिच्यातही शिरतात.

चार वर्षं काही झालं नाही, मग आजच का?

पार्लरवाल्या ताईंचा हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त बायका इथेच फसतात. "मला चालतं, मी कधीची लावते" हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकते.

आपल्या शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात. नवं काही आत आलं की त्या त्याला न्याहाळतात. पहिल्या वेळी, दहाव्या वेळी काहीच करत नाहीत, कारण त्यांनी त्याला 'शत्रू' ठरवलेलं नसतं. मग एखाद्या वेळी, कधी डोक्यावर खाजवलेली जखम असते म्हणून, कधी कलप जास्त वेळ राहिला म्हणून, कधी काहीच कारण न दिसता, त्या पेशी पीपीडीला शत्रू म्हणून नोंदवून ठेवतात. नोंद झाल्याचं आपल्याला कळत नाही. पुढच्या वेळी कलप लागला की सगळ्या तुटून पडतात, आणि त्या लढाईची सूज म्हणजे तो भरून आलेला चेहरा. ही ॲलर्जी लगेच दिसत नाही. बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत उमटते. म्हणून कलप धुवून, केस वाळवून, "काही झालं नाही बाई" म्हणून आपण निश्चिंत असतो, आणि दुसऱ्या सकाळी डोळे उघडत नाहीत.

एकदा ही नोंद झाली की साधारणपणे ती जन्मभराची. 'थोडासाच लावते', 'दुसऱ्या कंपनीचा लावते', हे चालत नाही. उलट दर खेपेला आधीपेक्षा जास्त जोराने उठण्याची भीती असते. क्वचित कुणाला श्वास लागण्यापर्यंत जातं.

जत्रेत मुलांच्या हातावर काळ्या मेंदीचे छाप काढून देतात ना, विंचू, फूल, नाव? दोन-चार मिनिटांत काळंभोर. त्यातही पीपीडी मिसळलेलं असू शकतं, तेही किती याला माप नाही. पोराच्या हातावर फोड येतात, जातात, आपण विसरतो. पण पेशी विसरत नाहीत. तेच पोर वीस वर्षांनी पहिल्यांदा कलप लावतं आणि दवाखान्यात जातं. लग्नात नवरीच्या कोनातली मेंदी 'दहा मिनिटांत गडद' असं कुणी सांगत असेल तर तिथेही सावध व्हा. हातावरची चांगली मेंदी आधी केशरी दिसते आणि दुसऱ्या दिवशी रंगते.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांसाठी १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि त्याखाली २०२० चे नियम आहेत. पीपीडी किंवा तसे रंग असलेल्या कलपाबद्दल त्यात स्पष्ट सांगितलं आहे : आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही वेष्टनांवर, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, अशी सूचना हवी की यातल्या घटकांमुळे काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो म्हणून आधी चाचणी करावी, आणि हा रंग भुवयांना किंवा पापण्यांना लावू नये, कारण आंधळेपण येऊ शकतं.

'आंधळेपण' हा शब्द उगीच घाबरवायला घातलेला नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश लूर' नावाचा पापण्या काळ्या करायचा रंग विकला जात होता. त्यात हेच रसायन होतं. त्यामुळे बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, एकीची दृष्टी कायमची गेली, एक दगावली. तेव्हा तिथल्या सरकारच्या हातात प्रसाधनांवर कारवाई करायला कायदाच नव्हता. १९३८ मध्ये तो झाला, आणि या प्रकरणाचा त्यात मोठा वाटा होता. आपल्या पुडीवरच्या सूचनेतले शब्द जवळपास त्याच कायद्यातल्या सूचनेचे आहेत. तरी आजही पार्लरमध्ये "भुवयांनाही जरा लाव गं, पांढऱ्या दिसतात" असं म्हणणाऱ्या सख्या आहेत. लावू नका. गिऱ्हाईक रागावलं तरी लावू नका.

चाचणी कशी करायची तेही नियमात दिलं आहे आणि ते अगदी सोपं आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची थोडी जागा साबणपाण्याने धुवून कोरडी करा. कलप जसा डोक्याला लावायला कालवतो तसाच चिमूटभर कालवा. आठ आण्याच्या नाण्याएवढा ठिपका लावा, वाळू द्या. चोवीस तासांनी हलक्या हाताने धुवा. लाल झालं, खाज आली, पुरळ उठलं, तर तो कलप तुमच्यासाठी नाही, विषय संपला. काहीच नसेल तर लावता येईल. मी स्वतः अठ्ठेचाळीस तास थांबायला सांगते, कारण वर म्हटलं तसं ही ॲलर्जी सावकाश उमटते. आणि नियमात एक वाक्य आहे ते सगळ्यात महत्त्वाचं : चाचणी दर वेळी करायची. चार वर्षं लावत असलात तरी पाचव्या वर्षी पुन्हा करायची. आपल्या ताईंच्या बाबतीत हेच राहून गेलं होतं. ना पार्लरवाल्या ताईंना कुणी शिकवलं होतं, ना पुडीवरची सूचना कुणी वाचली होती. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये भुवया कोरणं शिकवतात, हे शिकवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

नाव ओळखायचं कसं? घटकांची यादी बहुतेक इंग्रजीत असते. घरातल्या शिकत्या मुलीला वाचायला सांगा. शेवटी 'डायअमाइन' असा उच्चार येणारं नाव दिसलं की समजा, चाचणीशिवाय लावायचं नाही. 'अमोनिया नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. अमोनिया नसल्याने वास उग्र येत नाही एवढंच, पीपीडी असू शकतं. 'हर्बल' या शब्दाचंही तसंच. पानं छापलेली आहेत म्हणून आत पानंच आहेत असं नाही. आणि ज्या पुडीवर घटकांची यादीच नाही, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची मुदत नाही, ती आठवडे बाजारात पाच रुपयांना मिळाली तरी महागच.

आणखी एक गोष्ट. युरोपात कालवून झाल्यावर पीपीडी दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडे पार्लरमध्ये पक्का रंग यावा म्हणून वरून जास्तीची पावडर घालायची सवय काहींना आहे. तसं केलं की मापाला अर्थच राहत नाही. दिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवूनही रंग जास्त पक्का होत नाही, कातडीला मात्र जास्त लागतो.

लावणारीचे हात

पार्लरवाल्या ताईंनी त्या बैठकीत बोलता बोलता हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा, कातडी जाड आणि काळपट. "धुणीभांड्याने असेल," म्हणाल्या. असेलही. पण दिवसाला तीन-चार डोकी कलप करणाऱ्या हातांना आपण गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी जास्त वेळा पीपीडीत बुडवतो. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा लावतं, आपण रोज. हातांना ॲलर्जी जडली की धंदाच बंद, आणि हप्ता तर चालूच. कलपाच्या खोक्यात येतात ते पातळ प्लॅस्टिकचे मोजे एकदाच वापरायचे असतात, धुवून पुन्हा घालायचे नाहीत. औषध दुकानात निळ्या रंगाचे नायट्राइलचे मोजे मिळतात ते चांगले. साध्या रबरी मोज्यातून पीपीडी थोड्या वेळाने झिरपतं. गिऱ्हाइकाच्या कपाळाच्या कडेला, कानांना, मानेला आधी व्हॅसलीन लावा. डोक्यावर जखम, पुरळ, खाजवल्याचे ओरखडे असतील तर त्या दिवशी कलप नाही.

"याने कर्करोग होतो का हो?" हे सगळ्याच विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे. तिने सगळा पुरावा तपासून असं म्हटलं की वर्षानुवर्षं केस रंगवण्याचा धंदा करणाऱ्यांना धोका 'बहुधा' आहे. स्वतःपुरता कलप लावणाऱ्यांबद्दल मात्र तसा ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. म्हणजे काळजी घ्यायची ती आधी लावणारीने. खिडकी उघडी ठेवा, मोजे घाला, हात धुतल्याशिवाय चहा घेऊ नका. गरोदर सखींनी पहिले तीन महिने तरी कलप टाळावा असं डॉक्टर सांगतात, आणि एवढं थांबायला हरकत नसावी.

त्रास झालाच तर काय? डोकं लगेच भरपूर पाण्याने, साध्या शाम्पूने पुन्हा पुन्हा धुवा. हळद, लिंबू, खोबरेल, कुणी सांगितलेला लेप यातलं काही लावू नका. नुसती खाज आणि लाली असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरला दाखवा. ओठ, जीभ, डोळे सुजले, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, तर लगेच १०८ ला फोन. पुडी सोबत न्या, डॉक्टरला घटक कळतात.

पोटात गेलं तर

हे लिहू की नको असा विचार केला, पण लिहायलाच हवं. कलप पोटात जाणं फार घातक असतं. काही तासांत चेहरा, जीभ, गळा सुजतो, श्वासाची वाट बंद होते, गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागते. त्यानंतर स्नायू झिजायला लागतात, लघवी काळपट होते, मूत्रपिंडं बंद पडतात, डायलिसिस करावं लागतं. याला उतारा म्हणून वेगळं औषध नाही. वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचलेली माणसं वाचतात, म्हणून "उलटी झाली, आता बरं आहे" असं म्हणत घरी थांबायचं नाही. गावठी उपायाने उलटी काढायची नाही, थेट १०८.

कलपाच्या बाटल्या आणि पुड्या मुलांच्या हाती लागतील अशा कोनाड्यात, आरशाच्या फळीवर ठेवू नका. पाण्याच्या बाटलीत कलप भरून ठेवणं तर मुळीच नको. घरात कुणी खूप खचलेलं असेल, जिवाला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर अशा वस्तू आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

सरळ केस आणि उवा

तालुक्याच्या गावी आता 'केराटिन', 'स्मूदनिंग' अशा पाट्या लागल्या आहेत, आणि लग्न ठरलेल्या मुली तिकडे जातात. केस सरळ करायच्या काही द्रवांत फॉर्मॅल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर तयार होतं. मेडिकल कॉलेजात बरणीत अवयव टिकवायला जे फॉर्मॅलिन वापरतात, तेच हे. गरम इस्त्री फिरवली की त्याची वाफ होते, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. २००४ पासून ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. 'फॉर्मॅल्डिहाइड नाही' लिहिलेल्या काही नव्या द्रवांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. इस्रायलमध्ये केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झालेले २६ रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. फ्रान्समधल्या एका २६ वर्षांच्या मुलीला तर तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तोच त्रास झाला. हे ॲसिड कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडात खड्यांसारखे बारीक स्फटिक करतं.

अमेरिकेत ३३ हजारांवर बायकांची जवळपास अकरा वर्षं माहिती घेतली, त्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्या बायकांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा आकडा तिथल्या बायकांचा, तिथल्या मालाचा आहे, आणि एकदा लग्नात केस सरळ केले म्हणून कुणी धसका घ्यायचं कारण नाही. पण मुलगी दर दोन महिन्यांनी जात असेल तर तिला हे वाचून दाखवा. डोळे चुरचुरले की उठून बाहेर यायचं, हेही सांगा.

उवांचं मात्र जरा कडक शब्दांत लिहिते. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की रॉकेल चोळणं, नाहीतर कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात टाकून लावणं, हे अजून चालतं. डोक्याची कातडी पातळ, त्यात खाजवून जखमा झालेल्या, त्यावर शेतीचं विष! ते रक्तात जातं. लाळ गळणं, घाम, झटके, बेशुद्धी, सगळं होऊ शकतं. रॉकेल लावून चुलीपाशी बसलेली पोर कशी भाजेल ते सांगायला नको. औषध दुकानात एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. केस धुवून, पुसून लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं, बारीक दातांच्या फणीने लिखा काढायच्या, आणि आठवड्याभराने पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांचं एकाच दिवशी तपासा, नाहीतर उवा फिरून येतात. पैसे नसतील तर केस ओले करून, तेल लावून, नुसत्या फणीने तीन-चार दिवसांआड दोन आठवडे विंचरलं तरी उवा जातात, फक्त आईला वेळ काढावा लागतो.

शाम्पू आणि आपला माल

शाम्पूबद्दल थोडक्यात. फेस करणाऱ्या सल्फेटने कर्करोग होतो हा व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप खरा धरू नका. त्याने कातडी कोरडी पडते, डोळ्यांना झोंबतं, ते खरं. तसं रिठ्याचं पाणीही झोंबतं! आठवड्यातून दोनदा शाम्पू पुरे, कपड्याच्या साबणाने केस धुणं बंद करा.

आपल्यातले काही गट स्वतः कोरफडीचा शाम्पू, जास्वंदीचं तेल करून प्रदर्शनात विकतात आणि वर 'केमिकल फ्री' लिहितात. सख्यांनो, पाणी असलेला माल बुरशीरोधक न घालता आठवडाभरही टिकत नाही. कोरफडीचा गर तर लवकर नासतो आणि त्यात वाढलेले जंतू डोळ्यात, जखमेत जातात. ठरलेल्या मापात घातलेला टिकाऊपणाचा पदार्थ नासक्या 'नैसर्गिक' मालापेक्षा सुरक्षित असतो. पाण्याचा अंश नसलेलं तेल, वाळवलेली शिकेकाईची भुकटी हा माल आपल्या हाताला जास्त सोपा आहे. आणि विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधनाला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. साबण आणि शाम्पूही त्यात येतात. जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन विचारा, चार गट मिळून एकत्र परवाना घेता येईल का तेही बघा.

त्या दोघींचं पुढे काय झालं ते राहिलंच. सुजलेल्या ताईंना त्वचेच्या डॉक्टरने गोळ्या आणि मलम दिलं, दहा-बारा दिवसांत चेहरा उतरला. त्यांच्या दवाखान्याच्या कागदावर आता 'पीपीडी ॲलर्जी' असं लिहून घेतलं आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेल्या की तो कागद आधी दाखवतात. खर्चाचा निम्मा भाग पार्लरवाल्या ताईंनी तीन हप्त्यांत दिला. चूक एकटीची नाही हे दोन्ही घरांनी मान्य केल्यावर हे ठरलं. पार्लरमध्ये आता एक वही आहे. कलपाला येणारीला आदल्या दिवशी बोलावून कानामागे ठिपका लावतात, नाव, तारीख, पुडीचं नाव लिहितात, सही घेतात. "एवढं कोण थांबेल?" म्हणत काही गिऱ्हाइकं तालुक्याला गेली. वहीत मागच्या महिन्यात दोघींच्या नावापुढे लाल शाईत 'नाही' लिहिलेलं मी पाहिलं. त्यातली एक या दिवाळीत नवरी होणार आहे.

पुढच्या मासिक बैठकीला येताना घरात असेल ती कलपाची, काळ्या मेंदीची रिकामी पुडी घेऊन या. वाचायला मुलींनाही आणा. प्रत्येक गटाने इतिवृत्तात लिहून पाठवावं : किती पुड्यांवर घटकांची यादी होती, किती पुड्यांवर मराठीत सूचना होती. ज्या पुड्यांवर दोन्ही नाही त्यांची यादी ग्रामसंघामार्फत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्यायची आहे. त्यासाठी लागणारा अर्ज संघाच्या लेखापाल ताईंकडे ठेवला आहे.